ऑनलाइन लिलावांतील खोटीं नाणीं व त्यांची परीक्षा

१. विषयप्रवेश

जुन्या नाण्यांचा संग्रह करणारा मनुष्य पूर्वीं नाणें हातांत घेतल्यावांचून त्याचें मोल ठरवीत नसे. सराफाच्या पेढीवर बसून तें चिमटींत धरावें, कडेवरून नख फिरवावें, दगडावर वाजवून नाद ऐकावा, तराजूंत घालून वजन पाहावें, आणि मग सौदा बोलावा, असा शिरस्ता होता. पेशवाईंत पोतदार हे भरण्यास आलेले रुपये याच रीतीनें पारखीत, आणि कमअस्सल निघेल त्यावर बट्टा लावीत.

आज हा शिरस्ता मोडला आहे. इ. स. १९९५ सालीं अमेरिकेंत ईबे या पेढीनें महाजालावर लिलाव मांडण्यास आरंभ केला. पुढें इतर पेढ्यांनींही तोच मार्ग धरला, आणि आतां खेड्यांत राहणारा संग्राहकसुद्धां मोबाइलवरून दूरच्या शहरांतील नाण्यावर बोली लावूं शकतो. या सोयीचा लाभ मोठा आहे, हें नाकारतां येत नाहीं. जीं नाणीं पूर्वीं चार धनिकांच्या कपाटांत पडून राहत, त्यांचीं चित्रें व वजनें आज कोणासही पाहावयास मिळतात. परंतु या व्यवहारांत खरीददारासमोर असतें तें केवळ चित्र. चित्राला वजन नसतें, नाद नसतो, आणि कडा तर बहुधा दिसतच नाहीं. पारखीचीं जीं जुनीं साधनें, तीं सर्व पैसे देऊन झाल्यानंतर हातीं येतात.

प्रस्तुत लेखांत तीन गोष्टींचा विचार केला आहे. खोटीं नाणीं किती प्रकारचीं असतात. त्यांस लिलावांत अवाच्या सवा किंमत कां पडते. आणि सामान्य संग्राहकास आपल्या घरीं कोणती परीक्षा करतां येते. शेवटीं या प्रकारानें इतिहाससंशोधनाची जी हानि होते, तिचाही थोडा ऊहापोह केला आहे. कारण पैशाची हानि एकट्या खरीददाराची असते, आणि ही दुसरी हानि सर्वांची आहे.

२. खोटेपणाचे प्रकार

‘खोटें नाणें’ हा एकच शब्द आपण निरनिराळ्या वस्तूंस लावतों, आणि त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. संग्राहकाच्या दृष्टीनें निदान पांच प्रकार वेगळे मानले पाहिजेत.

पहिला प्रकार समकालीन खोट्या नाण्यांचा. ज्या काळीं मूळ नाणें चलनांत होतें त्याच काळीं लोकांस फसविण्याकरितां हीं पाडलीं गेलीं. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवून केलेले रुपये या वर्गांत येतात. हे खोटे खरे, पण जुनेही खरे. तत्कालीन व्यवहाराचा पुरावा म्हणून त्यांस मोल आहे.

दुसरा प्रकार पुनर्टंकित नाण्यांचा. मुंबई व कलकत्ता येथील सरकारी टांकसाळींनीं जुन्या ठशांवरून मागाहून कांहीं नाणीं संग्राहकांसाठीं पाडून दिलीं. ठसा सरकारी, टांकसाळही सरकारी, परंतु काळ मात्र वेगळा. तीं पुनर्टंकित आहेत असें सांगून विकल्यास त्यांत लबाडी नाहीं.

तिसरा प्रकार फेरफाराचा. खऱ्या, पण सामान्य नाण्यावरील एखादा अंक वा टांकसाळीची खूण कोरून, खरवडून अथवा डाग देऊन बदलावयाची, आणि दुर्मिळ नाणें बनवावयाचें.

चौथा प्रकार नकलेचा. खऱ्या नाण्यावरून सांचा घेऊन नवें नाणें ओतावयाचें, किंवा नवा ठसा खोदून त्याखालीं धातूची चकती ठोकावयाची.

पांचवा प्रकार कल्पित नाण्यांचा. यांस मूळ नाणेंच नाहीं. कोणत्याही राजानें अथवा कंपनीनें असें नाणें कधींही पाडलेलें नसतां, पाडलें असावें असें भासविणारी ही वस्तु असते. नवशिका खरीददार बहुधा याच वर्गाच्या जाळ्यांत सांपडतो.

ही विद्या नवी नाहीं. सोळाव्या शतकांत पादुआ येथील जोव्हानी काव्हिनो यानें रोमन नाण्यांच्या इतक्या उत्तम प्रतिकृती केल्या कीं, त्या जातीस आजही त्या गांवावरून नांव आहे. जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) यानें तर प्राचीन नाण्यांचे शेंकडों ठसे खोदले. नवीं पाडलेलीं नाणीं लोखंडाच्या किसासह पेटींत घालून ती पेटी तो आपल्या गाडीस बांधी व रस्त्यांतील धक्क्यांनीं त्यांस झीज आणी, अशी कथा प्रसिद्ध आहे. बेकरला एकेक गिऱ्हाईक शोधावें लागे. आजच्या बेकरास सर्व जगांतील गिऱ्हाइकें एका घटकेंत मिळतात, एवढाच काय तो फरक.

३. कंपनीचें ‘रामदरबारी’ नाणें

कल्पित नाण्यांचें सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचें म्हणून विकलें जाणारें रामदरबारी नाणें. याच्या एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व मारुति यांच्या मूर्ति असतात. दुसऱ्या बाजूस इंग्रजी अक्षरांत कंपनीचें नांव, ‘अर्धा आणा’ किंवा ‘एक आणा’ हें मूल्य, आणि बहुधा १८१८ हें साल असतें. कांहींवर नुसता मारुति, कांहींवर कमळ अथवा ॐकार, तर कांहींवर १६१६, १७१७ किंवा १८३९ हींही सालें आढळतात. दोनशें वर्षांपूर्वींचें अतिदुर्मिळ नाणें असें सांगून त्यावर हजारांच्या, क्वचित् लाखांच्या किंमती मागितल्या जातात.

यावर पुष्कळ लोक असा आक्षेप घेतात कीं, ख्रिस्ती कंपनी आपल्या नाण्यावर हिंदु देवता कशी घालील? हा आक्षेप टिकणारा नाहीं. मद्रास इलाख्यांत कंपनीनें पाडलेल्या पगोड्यांवर एका बाजूस गोपुर व दुसऱ्या बाजूस विष्णूची मूर्ति आहे, आणि तीं नाणीं निःसंशय अस्सल आहेत. तेव्हां देवतेच्या मूर्तीवरून निर्णय करतां येत नाहीं. तो काळ, मूल्य व टांकसाळ यांच्या मेळावरून केला पाहिजे.

प्रथम काळ पाहूं. १६१६ सालीं कंपनीची सुरतेस वखार होती, पण भारतांत स्वतःचा म्हणण्याजोगा मुलूख नव्हता. मद्रासची जागा तिला १६३९ सालीं मिळाली, व मुंबई बेट १६६८ सालीं. ज्या कंपनीस आपली टांकसाळ घालावयास जागा नव्हती, तिनें जहांगीर बादशहाच्या अमदानींत इंग्रजी अक्षरांचा आणा पाडला, हें संभवनीय नाहीं.

१८१८ सालाविषयीं पाहतां, त्या काळीं तिन्ही इलाख्यांचीं नाणीं वेगवेगळीं होतीं. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर कंपनीचें वखारचिन्ह व तराजू असे; इंग्लंडांतील सोहो टांकसाळींत १८०४ सालीं पाडून आणलेल्या पैशांवर कंपनीचें कुलचिन्ह, आणि तराजूच्या पाळण्यांमध्यें फारसी ‘अदल’ हा शब्द आहे. मद्रासकडे कासूंची गणती होती. बंगालचे पैसे शाह आलम बादशहाच्या नांवानें, फारसी अक्षरांत, त्रिशूलाच्या खुणेसह निघत. या तिन्ही मालिकांत रामदरबारी आण्यास कोठेंही जागा सांपडत नाहीं.

तिसरी गोष्ट मूल्याची. सर्व इलाख्यांस एकरूप चलन १८३५ च्या कायद्यानें लागूं झालें. त्या मालिकेंत तांब्याचा अर्धा आणा आहे, पण एक आण्याचें नाणें नाहीं. एक आण्याचें नाणें चलनांत आलें तें १९०७ सालीं, सातव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, तांबें व निकेल यांच्या मिश्रणाचें, आणि नागमोडी कडेचें. म्हणजे १८१८ चा तांब्याचा ‘एक आणा’ हा एकरूप चलनाच्या सतरा वर्षें अगोदर आणि स्वतःच्या जन्माच्या एकुणनव्वद वर्षें अगोदर जन्मलेला ठरतो.

या वस्तूंचें मूळ काय असावें, हें समजण्यास रामटंक्यांकडे पाहावें. तीर्थक्षेत्रीं विकल्या जाणाऱ्या, राममूर्तीच्या मुद्रांस रामटंका म्हणतात. त्या पूजेच्या वस्तु आहेत; अनेकांवर अशक्य असे प्राचीन संवत् घातलेले असतात, पण त्या चलन म्हणून कोणी पाडल्या नव्हत्या. याच मूर्तींशीं कंपनीचें नांव जोडलें कीं देव्हाऱ्यांतील मुद्रेचें ‘ऐतिहासिक नाणें’ होतें. त्यांतून १८१८ हें पेशवाईच्या अस्ताचें साल महाराष्ट्रांतील प्रत्येकाच्या मनांत कोरलेलें आहे, त्यामुळें आपल्याकडील गिऱ्हाईक त्यावर अधिकच लुब्ध होतें.

याच जातीच्या नाण्यांस तांदूळ ओढणारीं नाणीं म्हणून विकण्याचीही एक ठकबाजी आहे. नाण्यांत इरिडियम नांवाची दिव्य धातु आहे व त्यामुळें तांदळाचे दाणे त्याकडे ओढले जातात, असें दाखवितात. इरिडियम तांदूळ ओढीत नाहीं. दाण्यांत लोहचूर्ण व नाण्यांत चुंबक असला म्हणजे चमत्कार सिद्ध होतो.

४. शिवराई होन

कल्पित नाण्याचा निर्णय ग्रंथ पाहून करतां येतो. ज्याचें मूळ खरोखर अस्तित्वांत आहे, त्याच्या नकलेचा निर्णय याहून कठीण असतो. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन हें याचें ठळक उदाहरण.

राज्याभिषेक इ. स. १६७४ सालीं झाला. त्यानंतरच्या होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशीं अक्षरें तीन व दोन ओळींत आहेत. भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ आहे. वजन सुमारें पावणेतीन ग्रॅम भरतें. सभासदानें आपल्या बखरींत खजिन्यांतील होनांच्या अनेक जाती गणल्या आहेत, त्यावरून त्या काळीं दक्षिणेंत किती प्रकारचें सुवर्णचलन फिरत होतें हें कळतें. परंतु शिवराई होन आज फार थोडे उपलब्ध आहेत. याउलट तांब्याची शिवराई पुढें एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या ठिकाणीं पडत राहिली, म्हणून ती विपुल आहे. तिच्या अक्षरांचीं वळणें, ‘पति’ व ‘पती’ असे लेखनभेद, आणि दुदांडी वगैरे पोटभेद पुष्कळ आहेत.

होन दुर्मिळ, आणि महाराजांविषयींची भक्ति सार्वत्रिक, यामुळें त्याच्या प्रतिकृती घडविल्या जाणें स्वाभाविक आहे. राज्याभिषेकाचें स्मरण म्हणून अशा प्रतिकृती उघडपणें विकल्या जातात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. दोन हात बदलल्यावर मात्र ‘प्रतिकृति’ हा शब्द गळून पडतो, आणि ‘आजोबांच्या पेटींत सांपडलेला होन’ लिलावास येतो. अमेरिकेंत १९७३ च्या एका कायद्यानें नाण्याच्या प्रतिकृतीवर ‘नक्कल’ या अर्थाचा शब्द छापणें बंधनकारक केलें आहे. आपल्याकडील कारागिरांनीं हा नियम आपण होऊन पाळला, तर पुष्कळ अनर्थ टळेल.

हातानें ठोकलेल्या नाण्यांची नक्कल ओळखण्याचा एक तर्कशुद्ध मार्ग आहे. ठसा एकच असला, तरी प्रत्येक चकती निराळी कापलेली असते, ठसा तिच्यावर निराळ्या जागीं बसतो, आणि घावाचा जोरही निराळा असतो. म्हणून एकाच ठशाच्या दोन खऱ्या नाण्यांवर अक्षरें सारखीं असतात, परंतु कडेचा आकार, अक्षरांचें तुटणें, चकतीची चीर व झीज हीं सारखीं नसतात. ओतीव नकलेंत मात्र हे सर्व अपघात सांच्यामार्फत जसेच्या तसे उतरतात. तेव्हां दोन नाण्यांत चीर त्याच जागीं, खांच त्याच जागीं आणि झीज तीच आढळली, तर त्यांपैकीं निदान एक ओतीव आहे, असें निश्चयानें म्हणतां येतें. बहुधा दोनही असतात. ऑनलाइन लिलावानें या एका बाबतींत परीक्षकाचें कामही सोपें केलें आहे. मागील विक्रींचीं चित्रें पुष्कळदां उपलब्ध असतात, आणि तीं शेजारीं ठेवून पाहिलीं कीं एकच ‘वडिलोपार्जित’ होन चार घराण्यांत सांपडलेला दिसतो.

५. फेरफार केलेले व खरे, पण महाग रुपये

सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार थोडा मिळतो. १९३८ चा पुष्कळ मिळतो. दोहोंच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि रूपांत एका अंकाचें. इतक्या अल्प श्रमांत इतका लाभ असल्यावर आठाचा नऊ करणारे निघावेत यांत नवल नाहीं. भिंगाखालीं शेवटच्या अंकाभोंवतींची जमीन पाहावी. खरवडल्याच्या रेघा, बाजूच्या पृष्ठभागाहून निराळी चकाकी, अथवा इतर अंकांहून कमी उंची दिसल्यास संशय घ्यावा. १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, हेंही ध्यानांत ठेवावें. १९३९ चा म्हणून दाखविलेला रुपया कमी कसाचा निघाला, तर तो टाकसाळींतला नव्हे.

किंमत अधिक पडण्यास नाणें खोटेंच असावें लागतें, असें मात्र नाहीं. पांचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, आणि तो परत घेण्यांत आला. सुमारें ९४ लक्ष रुपये पाडले होते. त्यांपैकीं ७ लक्षांच्या आसपास बाहेर गेले, व बाकीचे वितळविले. विक्रेता वितळविलेल्यांची संख्या मोठ्यानें सांगतो. बाहेर गेलेल्यांची सांगत नाहीं. सात लक्षांत वाटलेलें नाणें दुर्लभ म्हणतां येईल, अलभ्य म्हणतां येणार नाहीं.

६. किंमत कां चढते

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. शहाणीं माणसेंही लिलावांत अधिक पैसे कां देतात? याचें एक कारण लिलावाच्या रचनेंतच आहे.

समजा, एका नाण्याची वाजवी किंमत दहा हजार रुपये आहे, पण ती कोणासही नक्की ठाऊक नाहीं. पांच संग्राहक आपापल्या अजमासानें तें सहा, आठ, दहा, बारा व पंधरा हजारांचें समजतात. पांचांचा सरासरी अजमास सुमारें बरोबर आहे. परंतु नाणें सरासरीस मिळत नाहीं. ज्याचा अजमास सर्वांत चढा त्यास मिळतें, आणि दुसऱ्यास मागें टाकण्यासाठीं त्यास बारा हजारांहून कांहीं अधिक द्यावे लागतात. म्हणजे ज्याची चूक सर्वांत मोठी, तोच विजयी ठरतो. तेलाच्या खाणींच्या लिलावासंबंधीं अमेरिकन अभियंत्यांनीं हा न्याय १९७१ सालीं मांडला. नाण्यांस तो तितकाच लागूं आहे.

यांत खोटेपणाचा संभव मिळविला म्हणजे काय होतें तें पाहावें. त्याच दहा हजारांच्या जातीचीं तीन नाणीं लिलावांत आलीं, आणि त्यांतील एक खोटें असून त्याची धातु केवळ तीनशें रुपयांची आहे, असें धरूं. कोणतें खोटें हें चित्रावरून कळत नसेल, तर प्रत्येकाचें सरासरी मोल ६,७०० रुपयांच्या आसपास येतें. त्यापलीकडे बोलणारा खरीददार तोट्यांत जातो. पण बोली लावतांना हा हिशेब कोणी करीत नाहीं. प्रत्येक जण आपल्यापुढील नाणें खरेंच आहे असें धरून चालतो.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं दाखविलें कीं, जेथें मालाचा गुण विक्रेत्यास ठाऊक व खरीददारास अज्ञात असतो, तेथें चांगला माल हळूहळू बाजारांतून निघून जातो. खऱ्या होनाच्या मालकास साशंक बाजारांत योग्य किंमत मिळत नाहीं, म्हणून तो आपला होन काढीतच नाहीं. खोट्याच्या मालकास कोणतीही किंमत लाभाचीच असते. अशा रीतीनें सावध गिऱ्हाईक बाजार सोडतें, आणि उरलेला अजाण वर्ग खोट्यास खऱ्याची किंमत देत राहतो.

याशिवाय कांहीं उघड लबाड्या आहेत. विक्रेत्याचाच हस्तक दुसऱ्या नांवानें बोली चढवितो. लिलाव संपण्याची घटका समोर सरकत असते, आणि घाईनें विवेक सुटतो. पूर्वीं कोणी मोठी किंमत दिली हाच खरेपणाचा पुरावा मानला जातो. वस्तुतः ती पहिली किंमतही अशाच चुकीनें दिलेली असूं शकते. रिझर्व्ह बँकेच्या नांवाचा उपयोग करून, जुनीं नाणीं विकून देण्याच्या मिषानें दस्तुरी व कर उकळणारेही निघाले. त्याविरुद्ध बँकेस १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्यें जाहीर सूचना काढावी लागली.

७. परीक्षेची रीत

संग्राहकानें पुढील क्रम ठेवावा.

पहिली परीक्षा ग्रंथाची. असें नाणें असूं शकतें काय? राजा, टांकसाळ, साल, मूल्य व धातु यांचा मेळ प्रमाणभूत सूचींत पाहावा. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. फारसी नाण्यांवर हिजरी साल व जुलूस असे दोन काळ असतात. कागदांच्या अभ्यासकाप्रमाणें नाण्यांचा अभ्यासकही त्यांचा मेळ घालूं पाहतो. परंतु कंपनीच्या बंगालच्या रुपयावर शाह आलमचें १९ वें, व फर्रुखाबादी रुपयावर ४५ वें जुलूसवर्ष कायमचें गोठविलें होतें. तेव्हां मेळ न बसणें हें नेहमींच खोटेपणाचें लक्षण नव्हे. त्या त्या टांकसाळीची चाल ठाऊक असावी लागते.

दुसरी परीक्षा वजनाची. १८३५ नंतरचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम वजनाचा आहे. वापरानें तो थोडा हलका होईल, जड कधींही होणार नाहीं. लिलावाच्या वर्णनांत वजन व व्यास दिलेले नसतील तर ते मागावे. विक्रेता टाळाटाळ करील तर तेथेंच थांबावें.

तिसरी परीक्षा विशिष्टगुरुत्वाची. नाणें प्रथम हवेंत तोलावें, नंतर बारीक दोऱ्यानें पाण्यांत बुडवून तोलावें. जेवढी घट येईल, तिनें पहिल्या वजनास भागावें. सोळापैकीं पावणेपंधरा आणे चांदीच्या रुपयाचें विशिष्टगुरुत्व १०.३ च्या सुमारास येतें, म्हणजे पाण्यांत तो १.१३ ग्रॅम घटतो. तांबें-निकेलच्या मिश्रणाचा असेल तर १.३ ग्रॅम घटेल. पावणेतीन ग्रॅमचा होन शुद्ध सोन्याचा असल्यास घट ०.१४ ग्रॅम, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा असल्यास ०.३१ ग्रॅम येते. हें अंतर सूक्ष्म असल्यानें लहान नाण्यास मिलिग्रॅमचा कांटा लागतो. क्ष-किरणांनीं धातूची परीक्षा करण्याची सोयही आतां अनेक सराफांकडे असते, परंतु ती मुख्यतः पृष्ठभाग पाहते, हें विसरूं नये.

चौथी परीक्षा भिंगाची. ओतीव नाण्याच्या जमिनीवर बारीक छिद्रें, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या, व कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण दिसते. ठोकलेल्या नाण्यांत धातु ठशाच्या खांचेंत जोरानें शिरलेली असल्यानें अक्षरांच्या कडा तीव्र असतात. तांब्यावरील जुना काळपटपणा धातूशीं एकजीव असतो. औषधानें आणलेला रंग खळग्यांत साचतो व पुसल्यास हातास लागतो. त्यासाठीं नाणें घासूं मात्र नये. घासल्यानें पुरावा जातो व किंमतही जाते.

या परीक्षांची मर्यादाही सांगितली पाहिजे. अस्सल सोन्याची, बरोबर वजनाची, नव्या ठशानें ठोकलेली नक्कल पहिल्या तीन परीक्षांतून सुटेल. तेथें अक्षरांचें वळण व ठशांची तुलना यांवांचून उपाय नाहीं, आणि तें काम अनेक खरीं नाणीं डोळ्यांखालून घातलेल्या जाणत्याचें आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथें १९८० सालीं स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व मोठीं वस्तुसंग्रहालयें यांतील संग्रह पाहून डोळा तयार करावा. प्रमाणपत्रासह पेटीबंद केलेलीं नाणीं अधिक विश्वसनीय खरीं. पण त्या पेट्यांच्याही नकला होतात, म्हणून पेटीवरील क्रमांक व चित्र प्रमाणपत्र देणाऱ्या पेढीच्या दप्तराशीं ताडून पाहावें.

८. इतिहासाची हानि

१९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाच्या १३,२५० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सांपडला. त्यांतील ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून त्याचें चलन सातवाहनांनीं आपलेंसें केलें, ही गोष्ट या ठेव्यानें प्रत्यक्ष डोळ्यांस दाखविली. रे. एच. आर. स्कॉट यांनीं त्याची छाननी केली. नाण्यांवरील चेहरे इतके भिन्न कां, याची चर्चाही समग्र ठेवा एकत्र पाहतां आला म्हणूनच होऊं शकली.

आतां अशी कल्पना करावी कीं, नहपानाचें एक खरें नाणें घेऊन कोणीं त्यावर आजवर न दिसलेला छाप मारला, आणि तें लिलावांत ‘अप्रसिद्ध प्रकार’ म्हणून विकलें. खरीददार तें हौसेनें प्रसिद्ध करील. एखादा लेखक त्यावरून नवा राजा अथवा नवी स्वारी सिद्ध करील. दुसरा त्याचा आधार घेईल. खोट्या सनदा व खोटे महजर यांनीं आपल्या घराण्यांच्या इतिहासांत केवढा घोळ घातला आहे, हें कागदपत्रांच्या संग्राहकांस सांगावयास नको. कागदास निदान शाई, वळण, शिक्का व मजकूर असे अनेक साक्षीदार असतात. नाण्याची साक्ष चार अक्षरांची. तींच खोटीं निघालीं तर उरतें काय?

म्हणून नाण्याच्या प्राप्तीची हकीकत ही नाण्याइतकीच मोलाची आहे. कोठें, केव्हां, कशाबरोबर सांपडलें, कोणाकडून आलें, हें लिहून न ठेवलेलें नाणें शोभेचें असेल, पण पुराव्याचें नव्हे. कायदाही याच दिशेनें आहे. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या, दहा रुपयांवरील किंमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील नाणें पुरावस्तु ठरतें. त्याच्या व्यापारास परवाना लागतो, आणि खाजगी मनुष्यास तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. हा कायदा विचारून पाहिला असतां जो विक्रेता गप्प बसतो, त्याचें नाणें खरें असलें तरी घेण्यासारखें नाहीं.

९. समारोप

प्रत्येक संग्राहकानें आपल्या नाण्यांची वही ठेवावी. तींत वजन, व्यास, विशिष्टगुरुत्व, दोन्ही बाजू व कडा यांचीं चित्रें, विक्रेत्याचें वर्णन, दिलेली किंमत व तारीख हीं नोंदवावीं. फसवणुकीची फिर्याद करण्याची वेळ आली तर हेंच उपयोगी पडतें. खोटें ठरलेलें नाणें पुन्हा बाजारांत सोडूं नये; त्यावर तशी चिठ्ठी बांधून तें तुलनेसाठीं जपावें, आणि त्याचें चित्र इतर संग्राहकांस दाखवावें. फसल्याची लाज वाटून पुष्कळ लोक असें नाणें गुपचुप दुसऱ्याच्या गळ्यांत बांधतात, आणि त्यामुळें एकच लबाडी दहा घरें फिरते. खोट्या नाण्यांची सचित्र यादी मंडळासारख्या संस्थेच्या दप्तरीं जमा होत गेली, तर पुढील खरीददारास व पुढील इतिहासकारास ती एखाद्या उत्तम सूचीइतकीच उपयोगी पडेल.